रिकामी डिस्क

चुम्मार मास्तरांनी रोसिलीच्या डिस्कच्या चित्रावर तिसऱ्यांदा टिचकी मारली. पडद्यावर तीच चौकट आली आणि पाठोपाठ लॅपटॉपमधल्या यांत्रिक बाईने तीच ओळ वाचून दाखवली: उघडता येत नाही. हा आवाज त्यांनीच अर्ध्या तासापूर्वी चालू केला होता. पडद्यावर जे येईल ते तो बोलून दाखवतो, न दिसणाऱ्या माणसाला कळावं म्हणून. मास्तरांनी चष्मा काढला, नेसलेल्या मुंडूच्या टोकाला पुसला, परत घातला. चौकट होती तिथेच होती.

रविवार होता. चर्चमधून ते थेट घरी आले होते आणि बाहेरचा पांढरा मुंडू न बदलताच कामाला बसले होते. त्यांच्या बायकोचा, रोसिलीचा, मृत्यूनंतरचा एक्केचाळिसावा दिवस बुधवारी झाला. त्यासाठी आलेली मुलगी जिन्सी शुक्रवारी आयर्लंडला परत गेली. जाताना ती म्हणाली होती, “अप्पा, अम्मचीचा लॅपटॉप त्या मुलीला देऊन टाका. इथे नुसती धूळ खात पडेल.”

ती मुलगी म्हणजे शिफाना. बारावीत होती, जन्मापासून दिसत नव्हतं, आणि तिने हट्टाने गणित घेतलं होतं. शाळेने नको म्हटलं, मामाने नको म्हटलं. गणिताचं बारावीचं पुस्तक ब्रेलमध्ये मिळेना. तेव्हा शाळेतून निवृत्त झालेली रोसिली टीचर पुढे झाली. सत्तावन्नाव्या वर्षी ती ब्रेल शिकली आणि एकेक पाठ लॅपटॉपवर टंकू लागली. तेरा पाठांपैकी नऊ शाळेच्या यंत्रावर जाड कागदावर छापून शिफानाच्या हातात पडले होते. उरलेले चार होत आलेत, असं रोसिली मे महिन्यापासून सांगत होती. रोज संध्याकाळी दिवा लावून ती आतल्या खोलीत बसायची, आणि मास्तर बाहेर बातम्या ऐकताना कळांचा आवाज ऐकायचे. सप्टेंबरात ती गेली. परीक्षा मार्चमध्ये होती.

मास्तरांचा बेत साधा होता. शाळेतले सगळे संगणक विंडोजऐवजी लिनक्सवर चालतात, शिफानाला त्याचीच सवय. तेव्हा लॅपटॉपवर लिनक्स टाकायचं, बोलणारा आवाज बसवायचा, आणि रोसिलीचे चार पाठ त्यातच ठेवून लॅपटॉप मुलीला नेऊन द्यायचा. लिनक्स टाकणं म्हणजे त्यांचा हातचा मळ. इतिहासाचे मास्तर, पण अठरा वर्षं त्यांनी जिल्ह्यातल्या शिक्षकांना हेच शिकवलं होतं. एकट्या कुन्नमकुळमच्या आसपास चारशेवर संगणक त्यांच्या हाताखालून गेले असतील. फक्त घरातला हा एक राहिला होता. त्यांनी विषय काढला की रोसिली म्हणायची, “माझं ब्रेल त्याच्यावर चालवून दाखवा, मग बोला. तोवर तुमचं लिनक्स दाराबाहेर.”

सकाळी पहिल्यांदा लावलं तेव्हा लिनक्सला लॅपटॉपमध्ये एकही डिस्क सापडली नाही. मास्तरांना त्यात नवल वाटलं नाही. ते सुरुवातीच्या सेटिंगमध्ये शिरले. डिस्कपुढे ‘रेड’ असं काहीतरी लिहिलेलं होतं, ते त्यांनी बदलून नेहमीचं केलं. लॅपटॉपने इशारा दिला. असे इशारे त्यांनी चारशे वेळा वाचले होते. मग दोन डिस्का दिसल्या, दोन्ही सारख्या मापाच्या. पहिलीवर रोसिलीच्या विंडोजच्या खुणा होत्या. दुसरी कोरी. लॅपटॉप मूळचा जावयाचा, तो लग्नांचे व्हिडिओ करायचा. त्याने जादा डिस्क घालून ठेवली असणार आणि वापरली नसणार.

शिक्षकांना ते पहिल्याच दिवशी एक नियम सांगत. ज्यावर काही आहे त्याला हात लावायचा नाही, रिकामं असेल तिथे टाकायचं. त्यांनी पहिल्या डिस्कचा नंबर कागदावर लिहून घेतला, तीनदा ताडून पाहिला आणि दुसरी निवडली. बारा मिनिटांत काम झालं. रोसिली गेल्यापासून पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून चहा करून घेतला होता.

तो चहा आता गार झाला होता. त्यांनी सोमनला फोन लावला. सोमनचं बसस्टँडमागे संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. एके काळी मास्तरांबरोबर शाळाशाळांतून फिरलेला माणूस.

“बोला मास्तर. हे मागे कोण बोलतंय?”

“लिनक्स टाकलंय, त्याचा आवाज. सोमा, रोसिलीची डिस्क उघडत नाहीये.”

“विंडोज नीट बंद केलं नसेल तुम्ही. रागावतं ते.”

“केलं होतं. डिस्क आहे दोनशे छप्पन जीबीची, आणि आतला भाग पाचशे बाराचा दाखवतंय. भांड्यापेक्षा दूध जास्त, असं कसं होईल?”

सोमनच्या घरी कसलीतरी फोडणी बसत होती, तिचा आवाज ऐकू आला.

“दुसरी डिस्क आहे का त्यात?”

“आहे ना. रिकामी होती. तिच्यावरच टाकलं.”

“आणि सेटिंगमध्ये रेड होतं?”

“होतं. मी बदललं. त्याशिवाय डिस्का दिसेनात.”

“मास्तर, लॅपटॉप बंद करा. बटण दाबून धरा आणि बंद करा, बाकी काही करू नका.”

“का रे?”

“ती रिकामी नव्हती.”

मास्तरांनी बटण दाबून धरलं. यांत्रिक बाई अर्ध्या शब्दात थांबली.

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच ते पायरीवर उभे होते. सोमनने शटर वर केलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि शेजारच्या टपरीला दोन कट्टन, बिनदुधाचे चहा, सांगितले. लॅपटॉपचं खालचं झाकण उघडून त्याने दोन्ही डिस्का बाहेर काढल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. बोटभर लांबीच्या पट्ट्या, एकसारख्या.

“हे बघा. ह्यालाच रेड म्हणतात, वेग यावा म्हणून लोक असं करतात. दोन डिस्का जोडायच्या आणि संगणकाला सांगायचं, ही एकच आहे. मग तो फाईलचा एक घास इकडे ठेवतो, पुढचा घास तिकडे, पुन्हा इकडे. सुरुवातीचा कागद, कशात काय आहे त्याचा, तो सगळा पहिलीवर. त्यामुळे दुसरी एकटी पाहिली की कोरी दिसते.”

“म्हणजे मी रेड काढलं तेव्हाच गेलं.”

“नाही. तेव्हा परत वळवता आलं असतं. तिथे थांबला असतात तर…” सोमनने वाक्य सोडून दिलं.

“आणि टाकल्यावर?”

“टाकायच्या आधी ते डिस्क साफ करतं. जुन्या फिरत्या डिस्का असत्या तर खरवडून काहीतरी काढलं असतं. ह्या नव्या पट्ट्या एका दमात सगळं पुसून मोकळ्या होतात.”

“कोचीला कुणी आहे का? पैशाचं बघता येईल.”

“मीच कोचीला पाठवतो लोकांचं, मास्तर. तिथेही माणसंच बसलीत, देव नाही.” सोमनने चहाचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला. “जिल्ह्यात कुणी ही चूक केली असती तर मी दुकानाबाहेर पाटी लावली असती. विद्यार्थ्याने नियम मोडला की असं होतं म्हणून. तुम्ही तर नियम पाळलात. आता तुम्हाला काय बोलू?”

मास्तरांनी पहिली पट्टी उचलून तळहातावर घेतली. तिला वजनच नव्हतं.

“हिच्यावर अर्धं तरी असेल ना?”

“घास आहेत. मोठ्या फाईली गेल्या. पण टीचरच्या ब्रेलच्या फाईली लहान असणार, नुसती अक्षरं. एखादी अख्खी फाईल एका घासात मावली असेल आणि तो घास ह्या बाजूला पडला असेल, तर मिळेल. नाव, तारीख काही नाही मिळणार. नुसते तुकडे. चार दिवस द्या.”

चार दिवस मास्तरांनी घरात काही केलं नाही असं नाही. परसातल्या नारळाच्या झावळ्या गोळा केल्या, रोसिलीची औषधं पिशवीत भरून प्राथमिक आरोग्य केंद्रात देऊन आले. शिफानाच्या आईचा, सुहराचा फोन दोनदा आला, तो त्यांनी घेतला नाही. तिसऱ्यांदा घेतला आणि म्हणाले, “होत आलंय.” फोन ठेवल्यावर हे शब्द कुणाचे ते त्यांना आठवलं.

शुक्रवारी सोमनने त्यांना पडद्यासमोर बसवलं. तुकडे दोनशेच्या वर निघाले होते. वीजबिलं, जिन्सीची पत्रं, चर्चच्या महिला मंडळाची यादी. आणि ब्रेलच्या फाईली. त्या साध्या डोळ्याला नुसती अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसत होत्या. मास्तरांना ब्रेल येत नव्हतं. रोसिली शिकत होती तेव्हा ते तिची टिंगल करायचे, टाचणीने कागदाला भोकं पाडायचा उद्योग म्हणून.

“छापलेल्या नऊ पाठांच्या फाईली शाळेत आहेत, त्यांच्याशी मी ताडून पाहिलं,” सोमन म्हणाला. “त्या नऊही पाठांचे तुकडे इथे मिळालेत. साधारण निम्मे, जसे मिळायला हवेत तसे. पण पुढच्या चारांचं कळत नाही. हे सतरा तुकडे आहेत जे कुठल्याच पाठात बसत नाहीत. सगळे लहान, पानभराचे. आणि गंमत म्हणजे सगळ्यांची सुरुवात जवळजवळ सारखी आहे.”

“पाठाचं शीर्षक असेल प्रत्येक पानावर.”

“असेल. मला कुठे कळतंय? वाचणारीला नेऊन दाखवा.”

शाळेतल्या ब्रेल यंत्रावर सतरा पानं छापायला पंधरा मिनिटं लागली. यंत्र एवढं खडखडत होतं की शेजारच्या वर्गातले शिक्षक दार लावून गेले. मास्तरांनी पानं छातीशी धरली. सोमनने लॅपटॉप पुन्हा जुळवून दिला होता, फक्त दुसऱ्या पट्टीवर चालणारा. पहिली त्याने एका पाकिटात घालून वेगळी दिली. लॅपटॉप पिशवीत घेऊन मास्तर बसने निघाले.

शिफानाचं घर शेताच्या कडेला होतं. सुहरा ओसरीत शिलाई मशीनवर बसली होती. मास्तरांना पाहून तिने पायाने चाक थांबवलं.

“या मास्तर. आज चहा घेतल्याशिवाय सोडायची नाही. टीचर दर वेळी पळायच्या, बस चुकेल म्हणून. बस काय तुमच्या घरची होती का, असं मी विचारायची.” मग तिचं लक्ष पिशवीकडे गेलं आणि तिने आत हाक मारली. “शिफा, आले गं पाठ.”

शिफाना भिंतीला हात न लावता आली आणि चटईवर बसली. मास्तर खुर्चीत न बसता तिच्यासमोर खालीच बसले. त्यांनी सगळं सांगितलं. रेड, दोन डिस्का, रिकामी दिसलेली डिस्क. सांगताना ते मध्ये एकदाही थांबले नाहीत. सुहराचा पदर हातात तसाच राहिला होता.

“अख्ख्या जिल्ह्याला शिकवलंत मास्तर,” ती म्हणाली, “आणि माझ्या मुलीच्याच पुस्तकावर…”

“उम्मा,” शिफाना आईला म्हणाली.

सुहरा चहा ठेवायला आत गेली. आतून भांडं जरा जोरात आपटल्याचा आवाज आला.

“एवढी सतरा पानं मिळाली,” मास्तर म्हणाले. “कुठल्या पाठाची आहेत ते तू सांग. निदान तेवढं तरी कळेल.”

शिफानाने पहिलं पान मांडीवर घेतलं. दोन्ही हातांची बोटं वरच्या ओळीवरून सरकली. ती दुसऱ्या ओळीवर गेली, मग परत पहिलीवर आली. पान बाजूला ठेवून तिने दुसरं घेतलं. मग तिसरं. पाचव्या पानानंतर ती प्रत्येक पानाची एखादी ओळच वाचत होती.

“दहावा पाठ आहे,” ती म्हणाली. “सदिश. पहिलं पान.”

“आणि बाकीची?”

“सगळं पहिलंच पान आहे, मास्तर.”

“सतराही?”

शिफानाने पानं मांडीवर पसरली. “ह्याच्यात आकड्याच्या आधीची खूण नाही. ती नसली की एकचा आकडा अक्षर होऊन बसतो, वाचताच येत नाही. ह्याच्यात खुणा आहेत, पण तीच ओळ तीनदा आलीय. हे अर्ध्यावर तुटलंय.” तिने दोन पानं वेगळी काढली. “ही आधीची असणार. ह्यांच्यात चुका कमी आहेत.” मग एका पानावर तिची बोटं थांबली. “ह्याच्यात शीर्षकसुद्धा नीट नाही. सदिश शब्दाचं पहिलं अक्षर चार वेळा काढलंय, आणि पुढे काहीच नाही.”

मास्तर त्या पानाकडे पाहत राहिले. जाड पांढरा कागद, वर थोडे उंचवटे, खाली सगळं सपाट.

“रोज करायची ती,” ते म्हणाले. “दोन-दोन तास. मी ऐकायचो ना.”

शिफानाने पानांच्या कडा जुळवायला घेतल्या. एकदा जुळवून झाल्यावर तिने त्या परत विस्कटल्या.

“टीचरनी जूनमध्ये मला हे पान दोनदा दिलं होतं. मी चुका सांगितल्या. दुसऱ्यांदा त्या हसल्या. म्हणाल्या, तुझी बोटं फार शहाणी झालीत. मग म्हणाल्या, मास्तरांना बोलू नकोस, ते मला उगाच डॉक्टरकडे ओढत नेतील. मग पुन्हा पान दिलंच नाही. विचारलं की म्हणायच्या, होत आलंय.”

ऑगस्टमध्ये रोसिलीच्या डोक्याचा फोटो पाहून डॉक्टरांनी मास्तरांना विचारलं होतं, गेल्या काही महिन्यांत काही जाणवलं का? विसरणं, चुकणं, हात अडखळणं? तेव्हा मास्तर जवळजवळ रागावले होते. गणिताचं पुस्तक लिहितेय ती रोज, असं ते म्हणाले होते. रोसिली पलंगावरून त्यांच्याकडे पाहत होती. डॉक्टरांनी पुढे काही विचारलं नाही.

“मी तुम्हाला सांगायला हवं होतं का, मास्तर?”

मास्तरांनी तोंड उघडलं. नाही म्हणायचं त्यांच्या मनात होतं. शिफानाचा चेहरा त्यांच्याकडे नव्हता, थोडा बाजूला, आवाजाची वाट पाहत होता. त्यांनी खाली पडलेलं एक पान उचललं आणि बाकीच्या पानांवर ठेवलं.

“मी एका भिंतीपलीकडे होतो,” ते म्हणाले.

सुहरा चहा घेऊन आली. तिने ग्लास जमिनीवर ठेवले आणि ओसरीत मशीनवर जाऊन बसली, पण चाक फिरवलं नाही. शिफानाने चहा संपवला. मग हात चाचपडत पिशवीकडे नेला आणि लॅपटॉप बाहेर काढला.

“हा बोलतो का?”

“बोलतो.”

“सहा कळांनी ब्रेल टंकता येतं ह्याच्यावर? शाळेतल्यासारखं?”

“येतं. मी बसवलंय.”

“टीचर बघून टंकायच्या ते छापील पुस्तक आणलंय?”

पुस्तक पिशवीतच होतं, वर्तमानपत्राचं वेष्टण घातलेलं. समासात रोसिलीच्या पेन्सिलीच्या खुणा नवव्या पाठापर्यंत होत्या. दहाव्या पाठाचं पहिलं पान हाताळून हाताळून मऊ झालं होतं.

“तुम्ही वाचा,” शिफाना म्हणाली. “मी टंकते. तुम्हाला सदिश येतात?”

“मी पानिपतची लढाई शिकवायचो.”

ती जराशी हसली. “मग दिसेल तसं सांगा. गाळू नका काही.”

मास्तरांनी वाचायला सुरुवात केली. यांत्रिक बाई प्रत्येक अक्षर त्यांच्या मागून म्हणत होती. चौथ्या ओळीवर ते अडले.

“इथे ए आहे. त्याच्या डोक्यावर बाण आहे.”

“बाणाचं टोक कुठे?”

“उजवीकडे.”

“मग तो सदिश. आणि दोन्ही बाजूंना उभ्या रेघा आहेत का कुठे?”

“आहेत. खालच्या ओळीत.”

“ती त्याची लांबी. पुढे.”

पुढे एक आकृती होती. तीन रेघा एका बिंदूतून निघालेल्या, त्यातली एक तिरकी, आणि कडेला अक्षरं. मास्तरांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. तिरकी रेघ कागदाच्या वर येते की कागदातच आहे हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी दोनदा सांगायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा शिफानाने हवेत हात फिरवून पाहिला आणि मान हलवली.

“राहू दे,” ती म्हणाली. “मी जागा सोडते.”

शेवटच्या बसपर्यंत पाऊण पान झालं. आकृतीची जागा कोरी राहिली. दहाव्या पाठाची त्यापुढची अडतीस पानं, आणि अकरावा, बारावा, तेरावा हे तीन पाठ अजून व्हायचे आहेत.